नको म्हणता येईल असं दुकान

मधुमतीकाकू आपल्याच मालाची निंदा करतात.

"ही बाहुली नका घेऊ, हिची मान डुगडुगते."

"हा ड्रम? शेजाऱ्यांशी भांडण असेल तरच न्या."

लंडनच्या क्रॉयडन भागातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये डिसेंबरात त्यांचं खेळण्यांचं दुकान लागतं. खेळणी नवी, लोकांनी दिलेली. ज्यांना यंदाचा ख्रिसमस जड जातोय, अशा आईवडिलांना मुलांच्या शाळा इथे पाठवतात. पैसे लागत नाहीत. आईवडिलांनी निवडायचं, रंगीत कागदात स्वतः बांधायचं आणि घरी न्यायचं. भेट त्यांची. देणाऱ्याचं नाव कुठेही नाही.

काकूंचं आयुष्य इथल्याच चपलांच्या दुकानात गेलं. निवृत्त झाल्या, पण गिऱ्हाईक सुटलं नाही. यंदा मी मदतीला गेले. गेल्या गेल्या मी एका बाईंच्या हातात पझल ठेवलं. त्या थँक यू म्हणून निघून गेल्या. मला बरं वाटलं.

"हे काय केलंस?" काकू म्हणाल्या.

"दिलं."

"हळदीकुंकवाचं वाण आहे का हे? हातात पडेल ते घ्यायचं आणि वर छान आहे म्हणायचं? अगं, गिऱ्हाइकाला नको म्हणता आलं पाहिजे. एवढं साहित्य शिकलीस, जरा विकायला शीक!"

"काकू, फुकट गोष्ट विकायची कशी?"

आमचं मराठी भांडण हॉलभर ऐकू जात होतं. दारात एक माणूस थबकला. यतीन. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आग्रह करकरून जेवण वाढणारा. त्याची नोकरी गेल्याचं कानावर आलं होतं. इथे कुणी मराठी भेटणार नाही, अशा हिशेबानंच तो आला असावा. त्यानं माझ्याकडे पाहिलं. जवळच्या टेबलावरचा, खेळण्यातल्या घोड्याचा खोका उचलला.

"हे चालेल. थँक्स." तो वळलाही.

मी त्याला जाऊ दिलं असतं. काकूंनी नाही.

"अहो, चालेल काय? तो घोडा बघा तरी. डोळे दुखतील इतका गुलाबी आहे. मुलगी केवढी?"

"आठ वर्षांची. मायरा."

"मग हा नेलपॉलिशचा सेट न्या."

"नको." अगदी हळू.

"मण्यांच्या माळा?"

"नको, काकू."

"फारच चोखंदळ बुवा तुम्ही!"

 त्यानं खोका खाली ठेवला.

"तिला किडे आवडतात."

"ई!" हे मात्र काकूंचं अगदी खरं होतं.

"गोगलगायी घरात आणते. परवा एक माझ्या बुटात निघाली."

काकू नाक मुरडत टेबलाखाली शिरल्या. झाकणाला भिंग असलेला, किडे पाहायचा डबा घेऊन बाहेर आल्या. "हा कुणीच नेत नाही."

यतीननं भिंगातून आपला अंगठा पाहिला. मग टेबल पाहिलं. मग माझं नाक. "हाच," तो म्हणाला.

मी त्याच्यापुढे घंटांचं चित्र असलेला कागद ठेवला. तो कागद त्यानं बोटांनी चाचपला.

"हा पातळ आहे. टोकाला फाटेल. आणि घंटा नकोत. दुसरा दाखवा ना."

"दुसरा वर आहे," काकू म्हणाल्या. "माझे गुडघे बघा आणि तुमचे नखरे बघा!"

कुरकुरत त्या स्टुलावर चढल्या. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.