शेंडगे सर थांबायचे तेव्हा

शेंडगे सर शिकवता शिकवता वाक्याच्या मधेच थांबायचे. मान थोडी डावीकडं झुकायची, ओठ मिटायचे, आणि जरा वेळानं जिथं सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढं सुरू. शिरूर आणि दौंडकडच्या कितीतरी शिक्षकांनी त्यांना असं स्क्रीनवर पाहिलंय. ते का थांबतात, हे मात्र मला एकट्याला माहीत होतं.

सर राहू गावचे, तिथल्याच शाळेत शिक्षक. ऐन उमेदीत दृष्टी गेली. नोकरी राहिली, वर्ग गेला. "हापिसात खुर्ची दिली बघा, पंख्याखाली. पोरं न्हाई दिली," असं ते हसत सांगायचे, पण हसणं लवकर संपायचं. पुढं दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण निघालं. फोन मजकूर वाचून कसा दाखवतो, बोललेलं लिहून कसं देतो, हे शिकवायचं होतं. सरांचा सगळा दिवसच त्यावर चालायचा. ते शिकवू लागले आणि शिरूरला बसून व्यवस्था मी बघू लागलो.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "क्यामेरे बंद ठेवा, माझं काय जात न्हाई. मला तसंबी दिसत न्हाई. फकस्त डोळं मिटा, फोन हातात घ्या, आन् घरी लावून दाखवा." एका बाईंचा फोन थेट त्यांच्या मुख्याध्यापकांना लागला. सर पोट धरून हसले. मग शांतपणे म्हणाले, "बाई, आता कळलं का, तुमच्या वर्गातलं पोरगं चिडतंय कशापायी?"

एकदा त्यांच्याकडचं नेट गेलं. मी मोटारसायकलवर राहूला गेलो आणि माझ्या फोनवरून नेट दिलं. सर शिकवत होते. एक इयरफोन काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. कानात घातला तर आत यंत्राचा आवाज धावत होता. नमस्कार सर, उपस्थित. उपस्थित. जोडलेले हात. गुलाबाचं फूल, गुलाबाचं फूल, गुलाबाचं फूल. आणि त्या गलक्यात सर एक एक शब्द जुळवून बोलत होते.

शिक्षकांनी चॅटमध्ये नाव, शाळा आणि 'उपस्थित' असं लिहायचं, तरच हजेरी धरायची, हा नियम माझा होता. आम्हाला ते स्क्रीनच्या कडेला नुसतं दिसायचं. सरांचा फोन मात्र आलेला प्रत्येक निरोप, फुलांची नि हातांची चित्रंसुद्धा, त्यांच्या कानात वाचायचा.

तास संपल्यावर मी विचारलं, "सर, हे बंद करता येत नाही का?"

"येतंय की. पण त्यात एखादी बाई खरंच काय विचारत असली, तर? परवा कुरकुंभकडच्या बाईंनी विचारलं, माझ्या पोरीला ऐकू येत न्हाई, बोललेलं लिहून दाखवलं तर तिला वाचाया येईल का? शंभर गुलाबांच्या खाली व्हता तो प्रश्न. आमचा आबा कळपातलं मेंढरू आवाजावरनं वळखायचा. मी बाईंचा प्रश्न वळखतो."

"उद्यापासून हजेरी वेगळी घेतो," मी म्हणालो.

"जमलं तर बघा, साहेब. मास्तर लोक नमस्कार घालत्यात, त्यास्नी गप बसा असं मी कसं म्हणू?"

मी काही केलं नाही. वेगळी हजेरी म्हणजे वेगळा व्याप. वर हजेरीचे आकडे संध्याकाळपर्यंत लागायचे, आणि चॅटमधून ते आयते मिळायचे.

काही दिवसांनी वरच्या साहेबांचा फोन आला. "तुमच्या त्या शेंडगे सरांबद्दल तक्रारी आहेत. मधेच अडतात म्हणे. विषय येत नाही की काय?" खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोललो असतो तर चूक माझ्या अंगावर आली असती. मी म्हणालो, "हो, थोडे अडखळतात."

त्यांच्या जागी दुसरे आले. सरांचा फोन आला. "माझं काय चुकलं का हो?"

"नाही सर. वरूनच बदल झालाय."

"व्हय का," ते म्हणाले. बराच वेळ गप्प राहिले. तेव्हा त्यांच्या कानात कुणीही बोलत नव्हतं. "बरं. बरा वर्ग मिळाला व्हता."

पुढं वर्षभरात काविळीचं निमित्त झालं आणि सर गेले. मी राहूला भेटायला गेलो. सरांच्या पत्नी मंदावहिनींनी चहा ठेवला. मी आलो याचंच त्यांना केवढं बरं वाटलं होतं, आणि मला मान वर करवत नव्हती.

"तुमचं ट्रेनिंग त्यांनी शेवटपातुर सोडलं न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "शाळेच्या ग्रुपवर लिंक यायची. नवीन सर शिकवायचे आन् हे माझ्या फोनवरनं ऐकत बसायचे, कानाला लावून. मी म्हणायचे, अवो, समदे नाव लिवत्यात, तुमीबी लिवा की, हजेरी लागंल. तर म्हणायचे, नको. ते बोलत्यात ना, मधी आवाज कशाला करायचा."

नवीन सरांना डोळे होते. चॅट त्यांच्या कानात वाजत नव्हतं. हे शेंडगे सरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी चहा प्यायलो. चॅटमध्ये ज्यांनी काही लिहिलं नव्हतं, त्या सगळ्यांना मी रोज संध्याकाळी गैरहजर धरत होतो.