लातूर टीचर

दुपारी दोन ते चार कमलकाकूंच्या घरी जायचं नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी लातुरात नवीन होते, म्हणून खोली बघायला नेमकी अडीच वाजता त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक बाई परक्या भाषेत हुंदके देत होती आणि तिच्यावर आवाज चढवून दुसरी बाई मराठीत म्हणत होती, "आता रडून काय उपयोग? आठव्या भागात सासू सांगून राहिली होती, तेव्हा ऐकलंस का?"

मी दार ढकललं. साठी ओलांडलेली, किडकिडीत, कॉटनची साडी नीट पिन केलेली एक बाई टेबलाशी बसली होती. समोर टॅब्लेट, शेजारी वही. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "बस. वीस मिनिटं राहिलीत. बोलू नको."

मी बसले. पडद्यावर कोरियातला एक तरुण बर्फात उभा राहून कोणाची तरी वाट बघत होता. भाग संपल्यावर काकूंनी वहीत चार ओळी लिहिल्या, पेनाचं टोपण लावलं आणि मग विचारलं, "खोली पाहिजे का? शिकतेस की शिकवतेस?"

"शिकवते. क्लासमध्ये बायॉलॉजी."

"मग ठीक आहे. शिकणाऱ्या पोरी मी ठेवत नाही."

याचं मला नवल वाटलं. त्या भागात घरटी 'मुलींसाठी रूम' अशी पाटी होती. मुखेड, उदगीर, देगलूर, कुठकुठच्या मुली डॉक्टर व्हायला म्हणून लातूरला येत आणि एका खोलीत चौघी राहत. घरमालकांनी गच्च्यांवर मजले चढवले होते. काकूंच्या घरावर मात्र एकच खोली होती आणि तिच्यावर पत्रे. उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापायची. मी एकदा म्हटलं, काकू, इथं स्लॅब का नाही टाकला? त्या म्हणाल्या, "पत्रा तापतो, पण दगा देत नाही." मी हसले. मला वाटलं, त्यांच्या अनेक वाक्यांपैकी हे एक.

वाक्यं त्यांच्याकडे खूप होती आणि ती बहुतेक मालिकांमधून आलेली होती. कोरियन मालिका साधारण सोळा भागांत आटोपतात, चिनी चाळीसच्या पुढे जातात. मी क्लासमधल्या कोणाविषयी तक्रार केली की त्या म्हणायच्या, "सोळावा भाग बघितल्याशिवाय माणसावर शिक्का मारू नये." आमचे संचालक तर त्यांच्या मते चिनीच होते. "त्या माणसाचं तिसाव्या भागापर्यंत काही कळणार नाही बघ. खामखा जीव जाळू नको."

काकूंचं आडनाव हिप्परगेकर. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने घरात बसावं लागलं, तेव्हा भाच्यानं टॅब्लेट आणून दिला आणि त्यावर त्यांना ह्या मालिका सापडल्या. खाली इंग्रजी ओळी येतात, म्हणजे इंग्रजीही टिकेल, असा त्यांचा पहिला हिशेब. पण तो फार दिवस चालला नाही. एका मालिकेत लहान मुलगी बापाला "अप्पा" म्हणून हाक मारते, ते ऐकून त्या उठून उभ्याच राहिल्या म्हणे. "आमच्या निलंग्याकडं बापाला अप्पाच म्हणतात. मी म्हटलं, ही तर आपलीच माणसं."

मग त्यांना इंटरनेटवर एक चर्चेची जागा सापडली. जगभरातले प्रेक्षक तिथं जमायचे. प्रत्येक मालिकेचं वेगळं पान, प्रत्येक भागाखाली मतं, भांडणं, अंदाज. काकू तिथं 'लातूर टीचर' या नावानं लिहायच्या. आधी वहीत पेनानं, मग एका बोटानं टॅब्लेटवर. स्पेलिंग चुकलं तर पुसून पुन्हा. बाकीचे लोक अर्ध्या शब्दांत, चेहऱ्यांची चित्रं टाकून लिहायचे. काकूंचं मात्र प्रत्येक वाक्य मोठ्या अक्षरानं सुरू व्हायचं आणि पूर्णविरामानं संपायचं. सून दोन्ही हातांनी पेला का देते, थोरल्यासमोर धाकटा तोंड वळवून का पितो, हे त्या तिथल्या ब्राझीलच्या पोरींना समजावून सांगत. "त्यांना वाटतं हे काहीतरी जगावेगळं आहे," त्या मला म्हणायच्या, "मी सांगते, आमच्या अर्ध्या मराठवाड्यात असंच चालतं."

दोन बायकांशी त्यांचं विशेष जमलं होतं. एक मेरी, मूळची फिलिपिन्सची, आखाती देशात रुग्णालयात नर्स. दुसरी तुर्कस्तानातली आयलिन. ती मालिकांमधल्या नट-नट्यांची पेन्सिलनं चित्रं काढून तिथं टाकायची. काकू या दोघींबद्दल शेजारणींबद्दल बोलावं तसं बोलत. "मेरीचा पाय मुरगळलाय. तरी उभ्यानं ड्यूटी करून राहिलीय."

खऱ्या शेजारणींशी त्यांचं बोलणं नमस्कारापुरतं. सणावाराला कोणी बोलावलं तर जायच्या, हळदीकुंकू घ्यायच्या आणि दहा मिनिटांत परतायच्या. भाचा दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याहून येई.

माझ्या बॅचेस सकाळी आणि संध्याकाळी. दुपार मोकळी. घरच्यांनी मुखेडहून आणलेली दोन स्थळं नाकारल्यापासून मला तिकडून फारसे फोन येत नव्हते. हळूहळू मी रोज दुपारी काकूंच्या शेजारी बसू लागले. मध्ये चहा त्या करायच्या, भाग थांबवून. त्यांनीच मला त्या जागेचं सभासद करून दिलं. "नुसतं बघू नको. लिही. लिहिल्याशिवाय कळत नाही आपल्याला काय वाटलं ते." मी दोनदा काहीतरी लिहिलं आणि सोडून दिलं. वाचत मात्र राहिले.

मी तिथं राहायला येऊन दोन वर्षं होत आली होती, तेव्हाची गोष्ट. आम्ही एक मालिका बघत होतो. तिच्यातल्या आईचं मूल अपघातात जातं. पुढच्या भागात ती आई रडत नाही. दुकान उघडते, भाजी निवडते, गिऱ्हाइकाशी घासाघीस करते. त्या भागाखाली मोठं भांडण जुंपलं. नटीला अभिनय येत नाही, लेखकाला आई म्हणजे काय ते माहीत नाही, ही बाई दगडाची आहे, असं देशोदेशींच्या लोकांनी लिहिलं. काकू त्या दुपारी वहीत बराच वेळ लिहीत बसल्या. मी संध्याकाळच्या बॅचला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा पिताना मी ते पान उघडलं. लातूर टीचरचं लिखाण सगळ्यांत वर होतं, खाली शेकडो उत्तरं. त्यांचं इंग्रजी मी मराठीत सांगते.

"या नटीचं काही चुकलेलं नाही. आमच्या भागात भूकंप झाला, तेव्हा मी प्रशिक्षणासाठी गावाबाहेर होते. माझे पती आणि माझी मुलगी स्वाती घरात होते. घर दगडमातीचं होतं. स्वाती आठ वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी जवानांनी आम्हाला पुरी-भाजी वाटली. मी पोटभर जेवले. ती मला चविष्ट लागली. चविष्ट लागली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला रडू आलं ते सहा महिन्यांनी. नव्या शाळेत हजेरी घेताना स्वाती नावाची दुसरी एक मुलगी निघाली. मी नाव घेतलं आणि ती 'हजर' म्हणाली. म्हणून मी म्हणते, त्या बाईला दुकान उघडू द्या."

माझा चहा तसाच राहिला. दोन वर्षं मी त्या घरात राहत होते. त्यांना मुलगी होती, हे मला माहीत नव्हतं. पती वारलेत एवढंच माहीत होतं. कसे, ते मी कधी विचारलं नव्हतं.

दुपारी घरी आले तेव्हा काकू नेहमीसारख्या टेबलाशी बसल्या होत्या. मी चप्पल काढतानाच म्हणाले, "काकू, मी वाचलं."

"वाचणारच. मीच तर तुला सभासद केलं."

"मला का नाही सांगितलं?" माझा आवाज रागाचा निघाला. तो राग कोणावर होता, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पोरी, इथं ज्याला सांगावं त्याच्याकडं त्याचं स्वतःचं निघतं. कोणाची माय गेली, कोणाची चार माणसं गेली. मग आपण गप्प बसायचं आणि त्याचं ऐकायचं. ते बरोबरच आहे. पण मग आपलं सांगायचं राहून जातं ते जातंच. तिकडं कोणाला किल्लारी माहीत नाही. त्यांनी नुसतं ऐकलं."

"पण मी तर मुखेडची. आमच्या घरी कोणाला काही झालं नव्हतं."

"तू विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. "आणि तुला सांगून तू रोज मला त्या नजरेनं बघितलं असतंस. आता बघून राहिलीस तसं."

मग त्या उठून चहा टाकायला गेल्या. त्या दिवशी आम्ही मालिका बघितली नाही. शिकणाऱ्या मुली घरात का ठेवत नाहीत, हे त्यांनी ओट्याशी उभं राहून, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. एक वर्ष ठेवल्या होत्या. तिघी. एकीचा निकाल चांगला आला आणि ती नाचत घरभर फिरली. "मला आनंद झाला नाही. मनात आलं, हिचंच का? दुसऱ्याच्या लेकराविषयी असं मनात येणं वाईट. म्हणून बंद केलं."

आठवड्याभरानं आयलिननं त्यांना वेगळा निरोप पाठवला. स्वातीचा फोटो असेल तर पाठव, मी तिचं चित्र काढून देईन. फोटो एकही नव्हता. होते ते घराबरोबर गेले. काकूंनी तसं कळवलं. आयलिननं लिहिलं, मग सांग. तू सांगत जा, मी काढत जाते.

दोन महिने ते चाललं. काकू वहीत स्वातीचं नाक लिहायच्या. कपाळ लिहायच्या. वेणी कोणत्या बाजूला जास्त घट्ट बसायची, ते लिहायच्या. इंग्रजी शब्द अडला की मला विचारायच्या. "हनुवटीवर खळी नाही, नुसता दाबल्यासारखा खड्डा, त्याला काय म्हणावं?" मला यायचं नाही. मग त्या आरशासमोर जाऊन स्वतःची हनुवटी दाबून बघायच्या. चित्र यायचं, त्या बघायच्या, दुरुस्ती कळवायच्या. नाक जरा बसकं. डोळे इतके मोठे नकोत, ही मालिकेतली मुलगी नाही. एकदा त्या वही मिटून बसून राहिल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "उजवा दात पडला होता की डावा, ते आठवून नाही राहिलं."

अकरावं चित्र आलं तेव्हा मी शेजारी होते. दोन वेण्यांची एक मुलगी, तोंड थोडं उघडं, काही सांगायला निघाल्यासारखी. काकूंनी बराच वेळ बघितलं.

"आहे का स्वाती?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण तिच्या वर्गातली आहे. तिच्या बाकावर बसेल अशी."

आयलिनला त्यांनी आभाराचं पत्र लिहिलं आणि पुरे म्हणून कळवलं. चित्र छापून आणून टेबलासमोरच्या भिंतीवर लावलं.

पुढच्या वर्षी आमच्या क्लासनं नांदेडला शाखा काढली आणि मला तिकडे पाठवलं. निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. "फोन कर. पण दोन ते चार नको," म्हणाल्या. सुरुवातीला मी दर रविवारी फोन करत होते. मग पंधरा दिवसांनी. नव्या शाखेत मुलं वाढली, बॅचेस वाढल्या. काकू फोनवर फार बोलत नसत. कोणत्या मालिकेचा कितवा भाग, मेरीची बदली झाली, एवढंच. काय वाटतं ते त्या लिहायच्या, आणि ते मी वाचायचं सोडलं होतं.

एका सकाळी मला त्या जागेवरून निरोप आला. मेरीचा. ती मला ओळखत नव्हती. काकूंच्या बोलण्यातून तिला माझं तिथलं नाव माहीत होतं. तिनं लिहिलं होतं, "लातूर टीचरनं नवव्या भागाखाली काही लिहिलं नाही. दहाव्याखालीही नाही. असं कधी होत नाही. तू तिच्या गावाची आहेस. कृपा करून बघ."

मी लगेच काकूंना फोन लावला. भाच्यानं उचलला. "आत्या मंगळवारी गेली," तो म्हणाला. "हार्ट अटॅक. तुमचा नंबर कोणता ते कळलं नाही, तिनं फोनमध्ये कोणाचीच नावं घातली नव्हती." मग त्यानं विचारलं, "इथं भिंतीवर एका पोरीचं चित्र आहे. ते कोणाचं, तुम्हाला माहीत आहे का?" तो भूकंपानंतर जन्मलेला.

"तुमच्या आतेबहिणीचं," मी म्हणाले. "फेकू नका."

मग त्या पानावर कळवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ते आधी कागदावर लिहिलं. तासाभरात उत्तरं येऊ लागली. लोकांनी त्यांची जुनी वाक्यं शोधून काढून पुन्हा लिहिली. एका मुलीनं लिहिलं, मी पूर्णविराम द्यायला हिच्यामुळे शिकले. एकानं लिहिलं, माझी आई गेली तेव्हा हिनं मला तीन दिवस रोज विचारलं की तू जेवलास का. आयलिननं काहीच लिहिलं नाही. अकरा चित्रं टाकली, पहिल्यापासून ओळीनं.

मेरीनं विचारलं, "शेवटी तिच्याजवळ कोण होतं?"

मी भाच्याला पुन्हा फोन करून विचारलं आणि खरं ते लिहिलं. कोणी नव्हतं. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास. संध्याकाळी दूधवाल्यानं बघितलं.

मग मेरीचं उत्तर आलं. "त्या दिवशी मला सुट्टी होती. फोन माझ्या हातातच होता. तिनं एक शब्द लिहिला असता तर मी तिच्याशी बोलत राहिले असते."

त्याखाली लिहायला मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा पुसलं. मंगळवारी दुपारी माझीही बॅच नव्हती.