पिवळ्या छत्रीची शेळी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, मागून जमायचं न्हाई.

औंढ्यात माझ्या टिंगलीतून सुटलेला माणूस अजून जन्मायचाय. त्यात शेषराव गुरुजी म्हणजे आयती मेजवानी. रिटायर मास्तर, आणि नाद काय? लेकरांची चित्रांची पुस्तकं! त्यातही एकच पुस्तक, छत्रीवाल्या शेळीचं. दर छपाईला कव्हरावरच्या छत्रीचा रंग बदललेला. लाल, निळी, हिरवी, सगळ्या ट्रंकेत. आत गोष्ट तीच, शेळी तीच! मी म्हणायचो, गुरुजी, एकाच बाईच्या साड्या मोजून राहिले का तुमी? पिवळी छत्री मात्र घावत नव्हती. तिच्यासाठी परभणी-नांदेडच्या रद्दीवाल्यांना चिठ्ठ्या धाडून थकले.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी पुस्तकं अंगणात उन्हाला घातली होती. मी बैलांच्या शिंगांना लावायचा रंग घेऊन चाललेलो. डबा कोणता? पिवळा! अन् पुस्तकांत एक छत्री दिसली पांढरीफटक. मला वाटलं, छापणाऱ्यानं हिला रंग द्यायचाच ठेवला. गुरुजी चहा सांगायला आत गेले, पुस्तक माझ्या सदऱ्यात.

घरी बसून छत्री रंगवायला घेतली. तिच्यावर काळपट मळ होता. चष्मा कोण शोधतो? नातवाचं खोडरबर घेतलं, घासघासून पुसला. काम कसं चोख पाहिजे!

सकाळी टपरीवर चार टाळकी जमवली, गुरुजींना बोलावलं, पेपरात गुंडाळलेलं पुस्तक पुढं केलं. पोरं हसू दाबून बसलेली.

गुरुजींनी छत्रीवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"ही पांढरीच होती रे," ते म्हणाले. "हिच्यावर माह्या चंदानं पेनशिलीनं आपलं नाव काढलं होतं. पहिलीत होती."

चंदा त्यांची लेक. त्याच साली तापात गेली, एवढं मला ठाऊक होतं. नावाचं न्हाई.

"दुसरीकडं कुटं असंल की लिव्हलेलं, गुरुजी?"

"न्हाई. तेवढंच लिव्हलं तिनं."

मी म्हणालो, रॉकेल आणतो, रंग काढून देतो. गुरुजी म्हणाले, "रंग निघंल बापूराव. खाली हाय का काही?"

खोडरबर अजून माझ्या खिशात होतं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिल्या न्हाईत. यंदा पुन्हा पुस्तकं उन्हाला आली. पिवळ्या छत्रीवाल्या पुस्तकावर गुरुजींनी कागद चिकटवलाय, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. बोट ठेवून ठेवून वाचला: 'पिवळी छत्री. दुनियेत एकच. रंगवणारा, बापूराव.'

चौथी नापास माणसाचं नाव पुस्तकावर आलं हो! एका लेकराचं खोडून.