तारल्यांचा सिनेमा

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधल्या आमच्या रस्त्यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण एका माशावरून झालं, आणि त्या वेळी दोन्ही घरांत मिळून एकही मासा नव्हता.

एक म्हातारी म्हणजे माझी आई, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. दुसरी शेजारच्या लिसीची आई, केरळातल्या एका मच्छीमार गावची. तिला सगळेच अम्मच्ची म्हणायचे. आईला मल्याळम येत नव्हतं आणि अम्मच्चीला मल्याळमशिवाय काही येत नव्हतं. तरी रोज कुंपणावरून तासभर गप्पा! (मी आणि बायको एकाच भाषेत बोलतो, आमचं पाच मिनिटांत आटपतं.) आम्ही कामावर गेलो की आईला दिवसभर तेवढाच आधार. आणि आता अम्मच्ची रविवारी कायमची परत निघाली होती.

म्हणून शनिवारी दुपारी ती पेन ड्राइव्ह घेऊन आली. तिच्या गावासारख्याच गावातला, कोळ्यांचा मल्याळम सिनेमा. आपण कुठल्या किनाऱ्यावरून आलो, हे तिला जाण्याआधी आईला दाखवायचं होतं. सिनेमा लावला, तर सबटायटल्सच नाहीत!

"राहिलं मग. मला कोण सांगणार?" आई हिरमुसली.

"मी!" मी म्हणालो.

"तुला कुठे येतं मल्याळम?" मनीषाने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं. तिला नको तिथे नको ते प्रश्न पडतात.

"दोन वर्षं कोचीत काढलीत मी!"

यात खोटं काही नव्हतं. फक्त माझं सगळं मल्याळम ऑफिसच्या कँटीनमध्ये झालं होतं.

सुरुवात झोकात झाली. सिनेमातली बाई जेवणाऱ्या मुलाला म्हणाली, "चोर?"

"कोण चोर?" आई दचकली.

"अगं, चोर म्हणजे भात. भात वाढू का विचारतेय."

"बघ मनीषा! येतं हो संज्याला!"

इथेच मी थांबायला हवं होतं. पण त्या मुलाने ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "मती." हा तर माझ्या रोजच्या जेवणातला शब्द!

"तारली मागतोय," मी सांगून टाकलं.

"मग हात का आडवा धरलाय?"

"तिकडे तशीच पद्धत आहे."

पुढे किनाऱ्यावर नायक नायिकेची विनवणी करत होता. ती रडत रडत म्हणाली, "मती!"

"तारली."

"आत्ता? प्रेमात?"

"कोळ्यांचा सिनेमा आहे, आई. तिथे काय श्रीखंड मागणार?"

मग दोन भावांची मारामारी झाली. मध्ये पडून आजोबा ओरडले, "मती!" मी म्हणालो, "आजोबांनाही हवीय." मनीषा उशीत तोंड खुपसून बसली होती. पण मी मागे हटलो नाही. एकदा बोललो ते बोललो!

आणि मग तो प्रसंग आला. थोरला मुलगा समुद्रावरून परत आलेला नाही, बाहेर वादळ घोंघावतंय आणि धाकटा जाळं उचलायला येतो. बाई त्या जाळ्यावरच फतकल मारून बसते आणि छाती बडवून ओरडते, "मती! मती! मती!"

अम्मच्चीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आणि मी, पूर्ण आत्मविश्वासाने, "तारली! तारली! तारली!"

"अरे, पोरगं मरायला निघालंय आणि ही बाई बाजार मांडून बसलीय?" आईला हसू आवरेना. इतकी हसली की चष्मा खाली पडला.

अम्मच्चीने आईकडे एकदाच पाहिलं. टीव्ही बंद केला, पेन ड्राइव्ह उपटला, पायांत चपला सरकवल्या आणि निघून गेली. नेहमी मला "मोने", म्हणजे बाळा, म्हणून गाल ओढणारी बाई, तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

दहा मिनिटांत लिसी आली, हॉस्पिटलच्या युनिफॉर्ममध्येच. "काय सांगितलंस तू आंटीला?" तिने इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"मत्ती म्हणजे तो मासा! मती म्हणजे पुरे! ती बाई म्हणतेय, पुरे झालं, आता या घरातलं कुणी समुद्रावर जाणार नाही!" मग तिचा आवाज खाली आला. "माझा भाऊ गेला तेव्हा अम्मच्ची पण अशीच बसली होती. वडिलांना जाऊ दिलं नाही तिने."

मनीषाने हे आईला मराठीत सांगितलं. एकदाच, आणि बरोबर. मला फार लाज वाटली, पण ती चेहऱ्यावर दिसू दिली नाही. आई उठून दाराकडे निघाली. मीही उठलो.

"मी येतो ना, तिला नीट समजावून..."

"तू जागचा हलायचं नाहीस!"

अर्ध्या तासाने मी कुंपणावरून डोकावलो. लिसीकडे सिनेमा पहिल्यापासून लावला होता. दोघी हातात हात घालून बसल्या होत्या आणि दोघी रडत होत्या. "आई, काही अडलं तर हाक मार!" मी ओरडलो. आईने खिडकी लावून घेतली.

रविवारी वेलिंग्टनच्या विमानतळावर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून एकाच वेळी, दोन भाषांत, पाऊण तास बोलल्या. मध्येच अम्मच्ची माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि आईने खुशाल मान डोलावली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"तुझ्याबद्दल होतं," आई म्हणाली. "तुला नाही कळायचं."

लोक काहीही म्हणोत, मला मल्याळम येतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त आसपास कुणी मल्याळी नाही ना, एवढं आधी बघून घेतो!