आलावचं बारसं

दुसऱ्याच्या लेकराला नाव देण्याची हौस असलेल्या माणसांचा मला अजून राग येतो. वय झालं की राग उतरतो म्हणतात. माझा उतरला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी मोखाड्याला कारकून होते आणि जव्हारला एका निवृत्त शिक्षिकेच्या घराची मागची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. वरच्या मजल्यावर एक वेल्श जोडपं होतं. नवरा पाड्यांवर पिण्याच्या पाण्याचं काम करायचा. बायको इथं येऊन मराठी शिकली होती, भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकी. तिला कुणी इंग्रज म्हटलं की हातातलं काम टाकून ती समजावत बसायची, वेल्स वेगळं, आमची भाषा वेगळी. तिच्या पणजीच्या शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात मास्तर लाकडी फळी अडकवायचे. हे तिनं सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. आमच्या आश्रमशाळेत फळी नव्हती, छडी होती.

तिला मुलगी झाली. नाशिकहून ती बाळ घेऊन परत आली तेव्हा नाव ठरलेलं नव्हतं. नाव आपल्याच भाषेतलं हवं आणि त्यात संगीत हवं, एवढं मात्र पक्कं होतं, कारण त्यांच्या घरात सगळेच गाणारे. कचेरीतून आले की आम्ही जिन्यात बसायचो. ती एकेक नाव म्हणायची, मी तिच्यामागून म्हणायचे. एकाचा अर्थ तारांचं उंच वाद्य, एकाचा चिमणीएवढं गाणारं पाखरू. एक होतं आलाव, म्हणजे गाण्याची चाल. ते म्हणताना तिचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. मी म्हटलं, हेच ठेवा.

"मग बारसं इथल्यासारखं करू. आत्या तुम्ही," ती म्हणाली. असा तिचा नवरा माझा भाऊ झाला आणि ती माझी वहिनी. तेव्हापासून मी तिला वहिनीच म्हणू लागले.

बारसं घरमालकीणबाईंनी अंगावर घेतलं. पाळणा, साडी, घुगऱ्या, गल्लीतल्या बायकांना आमंत्रण, सगळं त्यांनीच केलं. माया नव्हती असं मी म्हणणार नाही. पण नाव ऐकलं आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आलाव? हे काय पोरीचं नाव झालं? पोरीच्या नावाला शेवटी आकार हवा, ईकार हवा. आणि अर्थ संगीतच ना? मग संगीता ठेवा. अर्थही राहिला, आणि लोकांना म्हणताही येईल."

कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस. वहिनी नुसती हसली. मी म्हटलं, "बाई, नाव ठरलंय त्यांचं."

"तू थांब गं. मला यातलं कळतं. खेड्यावर शाळेत होते तेव्हा पोरं काय काय नावं घेऊन यायची. कुणी वाराचं, कुणी धान्याचं. एकेकाचं नाव मी बदलून दिलं. आईबापांना काय कळतंय? आज त्यातली किती जण नोकरीला आहेत." आणि मोठ्या कौतुकानं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण मी त्यातलीच. बाईंच्या शाळेतली नव्हे, पण दुसऱ्या अशाच शाळेतली. मी मंगळवारी जन्मले म्हणून घरात मला त्या वाराचं नाव. आमच्याकडे निम्म्या पाड्याला वारांचीच नावं असायची. पहिल्याच दिवशी गुरुजींनी ते ऐकलं आणि म्हणाले, "हे नाव आहे की कॅलेंडर?" सगळा वर्ग हसला. मग त्यांना आवडणारं एक नाव त्यांनी मला दिलं. आईबापांना विचारावं असं त्यांना वाटलं नाही. आईबाप दाराबाहेरच उभे होते.

बारशाच्या दिवशी खोली बायकांनी भरली. बाळ पाळण्यात, वहिनी नऊवारीत घामाघूम. मी वाकून बाळाच्या कानाशी कुर्रर्र केलं आणि रीतीप्रमाणे पाठीत धपाटे पडले. मी कानात आलाव म्हटलं, मग उभी राहून मोठ्यानं म्हटलं. आत्याचा तो मान असतो. माझं तोंड मिटायच्या आत बाई म्हणाल्या, "म्हणजे आपली संगीता!" बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि पाळणा म्हणायला घेतला. त्यात संगीता आधीच गुंफलेली होती. त्या आदल्या दिवशीच तालीम करून आल्या होत्या.

मी वहिनीकडे बघत राहिले. ती आता बोलेल, मग बोलेल. ती हसून म्हणाली, "छान. इथं संगीता, घरी आलाव."

संध्याकाळी बायका गेल्यावर मी जिना चढले. "तुम्ही गप्प का बसलात?"

"त्यांनी किती केलं आमच्यासाठी. वाईट वाटलं असतं त्यांना. काय फरक पडतो, ताई?"

"तुम्हाला पडत नाही. तुम्ही विमानात बसलात की आलाव परत आलावच होणार. इथल्या पोरींना परत जायला जागा नसते. आणि तुमच्या पणजीच्या गळ्यात फळी अडकवणारे मास्तरही चांगलेच असतील की. पोरं शिकावीत म्हणूनच ते करत होते."

तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं नाही. मी खाली आले, घुगऱ्यांचं पातेलं घासून उपडं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं होतं आणि नळावर बायकांची रांग लागली होती. वहिनी बाळाला घेऊन खाली आली आणि सगळ्यांसमोर बाईंना म्हणाली, "हिचं नाव आलाव आहे. तुम्ही पण आलाव म्हणा. नाही जमलं तर मी शिकवते."

मी रांगेतच होते. बाई माझ्याकडे वळल्या. "हे तुझंच शिकवणं. आम्ही तुम्हाला माणसांत आणलं, त्याचे चांगले पांग फेडलेस."

"आम्ही माणसांतच होतो, बाई," मी म्हटलं. "तुम्हाला कुणी बोलावणं धाडलं नव्हतं."

महिनाअखेरीस खोली सोडायला सांगितलं त्यांनी. सोडली.

भांडणानंतरच्याच रविवारी मी जामसरला आईकडे गेले. नोकरी लागल्यापासून जाणं सणावारालाच व्हायचं. आई ओट्यावर नाचणी पाखडत होती. डोकं अजून तापलेलंच होतं. मी तिला सगळं सांगितलं, गोरी बाई, बारसं, नळावरचं भांडण. तिनं सूप न थांबवता ऐकून घेतलं.

"पोरीचं नाव आयशीनं ठेवायचं," ती म्हणाली. "बाकीच्यांनी घुगऱ्या खायाच्या न घरी जायाचं."

"मग तू का माझं शाळेतलं नाव घेतेस? तू तरी मला माझ्या नावानं हाक मार."

सूप थांबलं. आईनं माझ्याकडे बघितलं, मग नाचणीकडे.

"गुरुजींनी बजावलेलं. घरात जुनं नाव घेशील तर पोरगी मागं पडंल. मग नाय घेतलं." सुपातला खडा वेचत म्हणाली, "न आता तं ते दिलं मी."

"दिलं? कुणाला?"

"कालवड झाली ना या पावसात. मंगळवारचीच. नाव मोकळंच होतं."

रागवायचं कुणावर, ते कळेना. आईला वाटलं, माझा विश्वास बसला नाही. तिनं परसाकडे तोंड केलं आणि हाक मारली, शेवटचं अक्षर लांबवत, मी लहान असताना ओढ्यावरून मला बोलवायची तशीच. तांबडी कालवड उड्या मारत ओट्याशी आली. आईनं सुपातली मूठभर नाचणी तिच्यापुढे धरली, आणि ती खात असताना तिच्या मानेवरून हात फिरवत माझं नाव पुन्हा पुन्हा घेत राहिली.