सुखदेवच्या नावाची चिठ्ठी

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी मेडशीला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. सुखदेव माझ्यासारखाच बौद्ध घरातला, शेती करणारा, मोठ्यानं हसणारा. दोन वर्षं तो माझ्या खोलीवर येत होता. गाव म्हणे दोस्त आहेत — आम्ही त्याहून जास्त होतो. झालं, लिहून टाकलं. त्याला त्याची लाज नव्हती. मला होती, इतकी की तो गेल्यावर मी दगडानं अंग घासून आंघोळ करायचो.

किन्हीराजा गावची मुलगी पाहून आल्यावर त्यानं बापाला सरळ सांगितलं, "माहं मन बाईत नाई. मी लग्न करत नाई." माझं नाव घेतलं नाही.

दुसरं घर असतं तर अंगारा झाला असता, भगत झाला असता. याचा बाप माझ्याकडे आला.

"देव-भगत तं आमी कवाच सोडले, मास्तर. तुमी शिकलेले. तुमी सांगान तसं."

काय सांगायला हवं होतं? पोराला काही झालेलं नाही — एवढंच ना? पण मी घाबरलो. उद्या यानं विचारलं, पोरगा रोज कुणाच्या खोलीवर जातो, तर?

"बिमारी हाय," मी म्हणालो. "नागपूरले इलाज होते."

आणि डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली, चांगल्या वळणदार अक्षरात. झोप लागत नाही. स्वतःची किळस येते. जीव द्यावासा वाटतो. सुखदेवला यातलं काहीच होत नव्हतं — तो जेवायचा, झोपायचा, खुशीत असायचा. ते सगळं मला होत होतं. मी नाव तेवढं त्याचं घातलं.

त्याला विजेचे झटके दिले. तीन महिन्यांनी एस.टी.तून उतरला तेव्हा हात कापत होते, शब्द सापडत नव्हते. माझं लग्न तोवर ठरलं होतं. मी स्टँडवर उभा होतो. मला पाहून त्यानं बापाचा हात सोडला, जवळ आला आणि हळूच विचारलं,

"तुले तं नाई नेलं ना?"

नाही म्हणालो. त्याला हायसं वाटलं, ते मी पाहिलं. मग शाळेची वेळ झाली म्हणून निघालो.