अडकित्त्यानं कापलेली गोळी

"आर्धी? आर्धी म्हंजे काय गं, शालू?"

"आर्धी म्हंजे आर्धी. ह्यांनी आर्धी, मी आर्धी. सकाळची बी आन सांजची बी. घरात आडकित्ता हाय की. बरोबर मधोमध कापतो मी, भुगा बी पडू देत न्हाय."

नीलम्मानं हातातली चहाची बशी खाली ठेवली. शालूबाईनं आत जाऊन अडकित्ताच आणून दाखवला. सुपारीचा वास जावा म्हणून तो राखेनं घासून लखलखीत केलेला. शाबासकीचं काम केल्यासारखा तिचा चेहरा होता.

"कवापासनं चाललंय ह्ये?"

"गोळ्या चालू झाल्या तवापासनं."

"आन मला आज सांगतीस?"

"तुमी कवा इचारलंसा? तुमी इचारायच्या, गोळ्या संपल्या का. मी म्हनायचो, संपल्या. खोटं कुटं बोललो?"

दोन हजार तीन सालची ही गोष्ट. मलकापूरच्या अलीकडं रस्त्यापासून आत एक वाडी आहे, तिथल्या गुंडू ड्रायव्हरच्या सोप्यात हे बोलणं चाललं होतं. एड्सचा रोग नवऱ्याबायकोला दोघांनाही होता. गोळ्या मात्र एकट्या गुंडूच्या नावावर मिळत होत्या आणि त्या दोघांत चालल्या होत्या.

नीलम्मा गडहिंग्लजकडची. अर्धी कानडी, अर्धी मराठी आणि दोन्हीत मोठ्या आवाजाची. कोल्हापुरात मार्केट यार्डाच्या फाटकाजवळ ताडपत्री बांधून चहा विकायची. नवरा गुळाचे रवे, म्हणजे जड ढेपा, उचलून पाठ मोडून घेऊन गावी जाऊन बसला, तेव्हापासून टपरी हिच्या एकटीवर. शहाण्णव साली एका संस्थेची पोरं गळ्यात ओळखपत्रं अडकवून ड्रायव्हर लोकांना प्रश्न विचारत फिरू लागली. "आपले विवाहबाह्य संबंध आहेत काय?" असं विचारलं की ड्रायव्हर चहा तसाच टाकून गाडीवर चढायचा. चौथ्याच कपावर नीलम्मा वैतागली. पुढच्या गिऱ्हाइकाला तिनंच विचारलं, "मागल्या म्हैन्यात कुटं कुटं शेण खाल्लंस रं?" तो हसला आणि गावांची नावं सांगत सुटला. तिला दुसरी भाषाच येत नव्हती, यापलीकडं त्यात काही शहाणपण नव्हतं. पण संस्थेच्या वीरेश डॉक्टरला तिचा आवाज पटला. टपरी भाचीच्या गळ्यात घालून ती त्यांच्या कामाला लागली.

सुरुवातीची पाचसहा वर्षं काम म्हणजे नुसतं बोलणं. निरोधची पाकिटं वाटायची, रक्त तपासायला माणसं ओढून न्यायची, आणि निघालंच काही तर त्याच्या घरच्यांना समजावायचं. औषध होतं, पण ते मुंबईला आणि पैसेवाल्याला. इथं माणूस वाळत जायचा आणि नीलम्मा तिरडीमागनं चालून परत यार्डात यायची.

मग परदेशातनं अभ्यासाचा पैसा आला. ज्याचं आयुष्य चाकावर चाललंय, असा माणूस रोजच्या गोळ्या नेमानं खातो का, हे पैसे देणाऱ्यांना बघायचं होतं. म्हणून ट्रकवर काम करणाऱ्या ड्रायव्हर-क्लिनरना तीन वर्षं गोळ्या फुकट. त्यांच्या बायका मात्र त्यात नव्हत्या. नीलम्मानं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, बायकांचा पैसा दुसऱ्या खात्यातनं येतो, पण तो गरोदर बायकांसाठी. शालूबाईला ना पोर, ना आता ते व्हायचं वय. रोग नवऱ्यानं घरी आणून दिलेला, आणि ती कुणाच्याच पैशात बसेना.

वाडीनं तिची पाण्याची घागर वेगळी काढली होती. घरात सासूनं ताट वेगळं केलं होतं. तेव्हा नीलम्मा त्या सोप्यात मांडी घालून बसली आणि सगळ्यांदेखत शालूबाईच्या ताटात जेवली. यानं काही होत नाही, वेगळं ताट करू नका, म्हणून सासूला दटावून गेली.

शालूबाईनं आज तेच काढलं. "येगळं ताट करू नगा म्हनलासा न्हवं? मग गोळी येगळी कशी करायची, आक्का?"

गुंडू मागच्या दारी पाय धुऊन आत आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "ही म्होरं बसल्याली, आन मी एकट्यानं गिळायची? घशाखाली उतरत न्हाय."

नीलम्मानं मग डॉक्टरनं तिला घोटून शिकवलेलं सगळं सांगितलं. अर्ध्या गोळीनं रोग मरत नाही, उलट औषधाला सोकावतो. एकदा का सोकावला की मग पुरी गोळी द्या नाही तर डबा द्या, त्याला काही फरक पडत नाही. दोघंही जातील. सांगता सांगता तिचाच आवाज चढला.

गुंडूनं टॉवेलनं तोंड पुसलं. "मग दोघास्नी बी पुरी पुरी द्या की. का खात्यात बसत न्हाय म्हनून सांगायला आलायसा?"

अडकित्ता नीलम्मानं पिशवीत टाकला आणि निघाली.

एस्टी निम्मी रिकामी होती, तरी नीलम्मा कोल्हापूरपर्यंत उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, मावशी, जागा हाय की. ती म्हणाली, बसवत न्हाय. डोक्यात एकच चाललं होतं. गोळी वाटून खाल्ली तर नाव कापणार, हा नियम पहिल्या दिवशी तिनंच सगळ्यांना मोठ्यानं सांगितला होता. आता डॉक्टरला सांगावं तर गुंडूचं नाव जातं. न सांगावं तर ही दोघं अडकित्ता नाही तर विळी घेऊन कापतच राहणार. स्टँडवर उतरून ती आधी घराकडं वळली, चार पावलं गेली, परत फिरली आणि तडक संस्थेत गेली.

वीरेश डॉक्टर संकेश्वरकडचा. त्याला आणि नीलम्माला भांडायचं असलं की दोघं कानडीत भांडायची, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. त्या दिवशी सगळी कचेरी नुसती आवाज ऐकत बसली.

डॉक्टरचं म्हणणं, मला हे वर कळवावंच लागंल. नीलम्माचं म्हणणं, कळवा, पण आधी त्या बाईला गोळी द्या. डॉक्टर म्हणाला, कुठनं देऊ? माझ्याकडं अभ्यासातल्या क्लिनर लोकांच्या जागा रिकाम्या पडल्यात, तेवढ्याच. पोरं रक्ताच्या सुईला भिऊन पळतात. पैसा खर्ची पडला नाही तर मार्चनंतर परत जाणार, आणि तुम्हाला गरजच नाही म्हणून पुढच्या साली वरनं हात आखडता घेणार.

नीलम्मा म्हणाली, "क्लिनर बाई चालती का?"

"काय?"

"गड्यांनीच क्लिनर व्हायचं, आसं कुटं ठरलंय का?"

डॉक्टरनं जागांचा कागद पुढं ओढला. "आक्का, नुसतं नावाला चालणार न्हाई. खरोखर ट्रकवर काम करत असंल तरच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मल्लाप्पा शेटच्या पेढीवर हजर. गुंडू चालवायचा तो ट्रक याच गूळवाल्याचा. शेट उदबत्ती ओवाळत होते. तिचं ऐकून उदबत्ती तशीच हातात राहिली.

"बाई? ट्रकवर? आगं, पेठंत त्वांड दाखवायला मला जागा ठेव की."

"तुमच्या मागल्या क्लिनरनं डिझेल काढून इकलं. त्याच्या आदल्यानं ताडपत्रीच इकली. तवा तुमाला त्वांड दाखवता आलं न्हवं?"

दिवाणजी खाली मान घालून हसला. शेटनी विचारलं, पण हे कशापायी? नीलम्मा सांगायला तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला. "नगं. मला काय सांगू नगंस. गुंडू वाळलाय ते मला दिसतंय. लाव तिला कामाला. पर घाटात चाकाखाली दगुड लावाय उतरली न्हाय, तर तिथंच सोडून यायला सांगीन."

शालूबाई पहिल्यांदा तयार होईना. गाव काय म्हनंल, हे एकच तिचं पालुपद. नीलम्मा म्हणाली, तुझी घागर येगळी काढणाऱ्या गावाला इचारून ट्रकवर चढणार हाईस व्हय?

मग ती चढली. लुगड्याचा काष्टा घातला, डोक्याला गुंडूचा टॉवेल गुंडाळला. रत्नागिरीकडं गूळ न्यायचा, येताना जांभ्या दगडाचा चिरा भरून आणायचा. आंबा घाटात गाडी मागं सरकली की दगड घेऊन खाली उडी मारायची. पहिल्या खेपेला दगड पायावर पडून अंगठ्याचं नख गेलं. दुसऱ्या खेपेपासनं हात बसला. धाब्यावर माणसं वाकून वाकून बघायची. "पावणं, बाई बगितली न्हाय का कवा?" असं ती विचारायला लागली, तेव्हा बघणारे आपल्या ताटाकडं वळले. गुंडू म्हणायचा, ही आल्यापासनं गाडीवर डुलकी यायची सोय न्हाय, रत्नागिरीपातूर त्वांड बंद ठेवत न्हाय.

वीरेश डॉक्टर एके दिवशी स्वतः यार्डात आला. शालूबाई गाडीवर उभी राहून ताडपत्रीची दोरी पायानं दाबून ओढत होती. त्यानं खालनं नाव विचारलं. तिनं वरनंच सांगितलं.

डॉक्टरनं दोन्ही गोष्टी वर कळवल्या. बाई क्लिनर आहे, हेही आणि गोळ्या वाटून खाल्ल्या, हेही. उत्तर यायला पाऊस गेला. बाई चालेल. तिचं रक्त तपासलं, औषध तिला अजून लागू पडेल असं निघालं. गुंडूचं नाव मात्र कमी करा. अभ्यासात असतानाच त्यानं अर्ध्या गोळ्या खाल्ल्या, आता त्याच्या रक्तावरनं काय ते नीट कळायचं नाही.

नीलम्मा पुन्हा कानडीत भांडली. डॉक्टर म्हणाला, अभ्यासाला त्याचा उपयोग नाही. ती म्हणाली, अभ्यासाला नसंल, पण त्याला गोळीचा उपयोग हाय की. तो म्हणाला, हाय. पण तो पैसा येगळा, आणि तो माझ्याकडं न्हाई. सरकारचं औषध यायचं चाललंय, आलं की मी स्वतः त्याला घेऊन जाईन.

आता गोळी शालूबाईच्या नावावर आणि गुंडू बिनगोळीचा. घर तेच आणि माणसंही तीच. नीलम्माला सगळ्यात धास्ती तीच होती. म्हणून गाडी यार्डात असली की ती उजाडायला तिथं पोचायची आणि गोळी डोळ्यादेखत गिळायला लावायची. गाडी बाहेर असली की दिवसभर हिचं कशात लक्ष लागायचं नाही.

त्या सकाळी रवे भरून झाले होते. गुळावर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. शालूबाईनं तळहातावर गोळी घेतली आणि गुंडूकडं बघितलं. गुंडू टायरला लाथ मारून हवा बघत होता. टायरमध्ये हवा चांगली होती.

"गिळ की," तो मान वर न करता म्हणाला. "म्होरं घाट हाय."

तिनं गिळली. वर पाणी प्याली.

"आ कर," नीलम्मा म्हणाली.

शालूबाईनं लहान पोरीसारखं तोंड उघडून दाखवलं आणि गाडीच्या पलीकडं निघून गेली. गुंडू केबिनच्या पायरीवर पाय ठेवून उभा राहिला. गळ्याची हाडं वर आलेली, पण दाढी ताजी केलेली.

"सरकारचं कवा येतंय म्हनं, आक्का?"

"येतंय म्हंत्यात. आलं की पयलं नाव तुजं."

"तवर?"

नीलम्मानं पदर खोचला. "तवर भात पोटभर खा, दारूला शिवू नगंस, आन खोकला धरला तर लगीच सांग. दुसरं माज्याकडं काय न्हाय, बाबा."

गुंडूनं मान हलवली आणि वर चढला. पलीकडनं शालूबाईनं दाराची फळी थापटली, गाडी हलली. नीलम्मा फाटकापर्यंत गाडीमागं चालत गेली. मग वळली. बेळगावची गाडी नुकतीच लागली होती आणि त्या गाडीचा नवा क्लिनर, नीलम्माला बघून, सुईच्या भीतीनं ताडपत्रीखाली लपायला निघाला होता.

"खाली उतर," ती म्हणाली, आणि पिशवी सावरत त्या गाडीकडं चालू लागली.